कोऱ्या वाटीतला पिवळा रंग

६ जानेवारी २०२५, सोमवार

त्या सकाळी मी आधी पाणी भरलं. मग रात्रीची भांडी घासली, दारापुढची जागा झाडली, सुकत घातलेला जवळा उलटला आणि आदल्या रात्रीचं चिंबोऱ्यांचं कालवण गॅसवर ठेवलं. चिंबोरीचं कालवण दुसऱ्या दिवशीच खरं लागतं, हे आमच्या कोळीवाड्यात लहान पोरसुद्धा सांगेल. साफ करताना चिंबोरीनं माझा अंगठा फोडला होता, त्याला चिंधी होती. कालवणाला चांगली खळखळून उकळी आणली. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, उकळी आली की सगळे दोष जातात. मग ह्यांना भात वाढला. वेगळं असं काहीच झालं नाही. दुपारी ह्यांना उलट्या सुरू झाल्या आणि दिवेलागणीच्या आत हे गेले. हृदय आधीपासून कमजोर होतं. दाखल्यावर तसंच लिहिलं आहे.

त्याला सव्वा वर्ष झालं. लिहायला बसलं की हीच सकाळ आधी येते, म्हणून ती लिहून टाकली. आता आजचं.

आज मी कामाला लागले. वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिली नोकरी. एमआयडीसीत अन्न तपासायची प्रयोगशाळा आहे, तिथे काचेची भांडी धुवायची आणि टेबलं पुसायची. जागा छान आहे. तीन खोल्या, पांढऱ्या फरश्या, मोठ्या खिडक्या. फ्रिज पाच आहेत आणि एकातही खायचं काही ठेवायचं नाही. मृणाल मॅडम मुख्य आहेत. माझ्या हेमालीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. शिक्षण विचारलं तेव्हा मी सातवी म्हटलं. वाचता का विचारलं तेव्हा सांगितलं की मासळी बांधायची रद्दी मी आधी वाचून काढायचे, पण बरेचदा अर्धी बातमी गिऱ्हाईक घेऊन जायचं. उरलेली अर्धी शोधायला वाचनालयात नाव घातलं, ते अजून आहे. त्या खूप हसल्या. मलाही बरं वाटलं.

दुसरा राजरत्न. कल्याणहून येतो, तपासणीचं हातचं काम तो करतो. मला म्हणाला, मावशी, इथे भांडी घरच्यापेक्षा स्वच्छ येतात आणि मंदिरापेक्षा स्वच्छ जायला पाहिजेत.

नणंद मंजुळा शेजारीच राहते. संध्याकाळी दारातूनच म्हणाली, गो बाय, मासळीनं हात झिजले नाहीत म्हणून आता काचा घासून झिजव. मग आत येऊन चहा पिऊन गेली.

ही डायरी हेमालीनं दिली. माझी एकुलती एक मुलगी. टिटवाळ्याला असते, आठवा महिना चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे येईल. मागची खोली रंगवून घेतली आहे. फिकट हिरवा लावला.

१० जानेवारी, शुक्रवार

आज थाळीचं काम समजलं. तळहातापेक्षा थोडी मोठी प्लास्टिकची थाळी असते आणि तिच्यात शहाण्णव वाट्या. भातुकलीतली वाटीसुद्धा तिच्यापुढे हंडा वाटेल. प्रत्येक वाटीच्या तळाला काहीतरी चिकटवलेलं असतं, डोळ्यांना दिसत नाही. मॅडमनी आधी इंग्रजी नाव सांगितलं, मग प्रतिपिंड म्हणाल्या. दोन्हीनं माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. तेव्हा राजरत्ननं विचारलं, मावशी, तुमच्याकडे खाडीत जाळं कसं लावतात? मी डोल सांगितली. खुंट रोवायचे, त्यांना जाळं बांधायचं आणि सोडून द्यायचं. पाणी आपलं आपण येतं, आपलं आपण जातं. जे अडकायचं ते अडकतं.

तो टेबलावर थाप मारून म्हणाला, हेच! फक्त ही डोल अशी की तिच्यात एकच जातीचा मासा अडकतो, बाकी सगळे आरपार.

मासा म्हणजे विष. ते एक जंतू करतो. तो माणसाच्या नाकात, कातडीवर, पिकलेल्या जखमेत राहतो आणि हातावरून अन्नात उतरतो. अन्नाचा अर्क वाटीत घालायचा. विष असेल तर तळाला अडकतं. मग पाच वेळा धुवायचं. मग रंग आणणारं दुसरं पाणी, पुन्हा पाच वेळा धुणं. शेवटी वाटी निळी होते आणि आम्लाचा थेंब पडला की पिवळी. पिवळी म्हणजे विष आहे. पाण्यासारखी राहिली तर नाही.

एक वाटी कोरी ठेवतात. तिच्यात अन्न घालतच नाहीत, नुसतं स्वच्छ पाणी. ती कधीच पिवळी व्हायची नाही. झाली तर सगळी थाळी फुकट. राजरत्न म्हणतो, ती आपली साक्षीदार. बाकी सगळे खोटं बोलतील मावशी, ही नाही.

माझा हात हलत नाही हे मॅडमनी पाहिलं. जवळा निवडून निवडून झालेला हात आहे. सोमवारपासून धुण्याचं काम मला देणार आहेत. आठ चोचींची एक पिचकारी असते, एका दाबात आठ वाट्या भरते. मी दोनदा दाबून पाहिली.

दुपारी राजरत्ननं माझ्या डब्यातली जवळ्याची चटणी अर्धी संपवली.

१५ जानेवारी, बुधवार

कल्याणच्या एका लग्नातली बासुंदी आली. सत्तर माणसं आजारी पडली, जेवल्यावर दोन ते चार तासांत. थाळीत ओळीच्या ओळी पिवळ्या झाल्या.

मी मॅडमना विचारलं, बासुंदी तर तास-तास आटवतात, मग विष राहिलं कसं? त्या म्हणाल्या, आटवल्यावर कोणाचा तरी हात लागला आणि ती बाहेर राहिली. मी म्हटलं, पण वाढायच्या आधी पुन्हा उकळली असती तर? तेव्हा त्यांनी खुर्ची वळवून नीट सांगितलं. उकळल्यानं जंतू मरतो. पण त्यानं आधीच सोडलेलं विष तसंच राहतं. विष मरत नाही, कारण ते जिवंत नव्हतंच कधी.

माझा चेहरा पाहून त्यांना वाटलं मला पटलं नाही. राजरत्नला सांगून त्यांनी बासुंदीचा अर्क अर्धा तास उकळवला. तो वाटीत घातला, धुतलं मी. वाटी पिवळी झाली.

राजरत्ननं आणखी एक सांगितलं. ही थाळी निघायच्या आधी हे काम मांजराच्या पिल्लांवर करायचे. अन्नाचा अर्क पिल्लाला द्यायचा आणि ते ओकतं का बघत बसायचं.

मी भांडी लावली, टेबल पुसलं, निघाले.

हे बारा वाजता जेवले होते. पहिली उलटी तीनला झाली. मीही तेच कालवण खाल्लं होतं. मला काही झालं नाही. अंगठा आता पूर्ण भरला आहे, खूण शोधावी लागते.

हेमालीचा फोन आला होता. बाळ फार लाथा मारतं म्हणाली. तिच्या सासूबाई म्हणतात आजीवर गेलंय.

२० जानेवारी, सोमवार

आज कोरी वाटी पिवळी झाली.

राजरत्न म्हणाला, काय मावशी, धुताना सिरियल आठवत होती का? धुणं कमी पडलं की असं होतं. दुपारी नवी थाळी घेतली. मी पाचाऐवजी सात वेळा धुतलं आणि मोठ्यानं मोजलं. तो समोर उभा राहून माझ्याबरोबर मोजत होता.

कोरी वाटी पुन्हा पिवळी. आणि नुसती पिवळी नाही, हळदीसारखी. नमुन्यांपेक्षा गडद.

तो म्हणाला, अरेच्चा.

२३ जानेवारी, गुरुवार

मॅडमनी एक थाळी मधोमध वाटून दिली. डावीकडचं काम राजरत्नचं, उजवीकडचं माझं. एकाच बाटलीतलं पाणी, एकाच डब्यातले हातमोजे, एकच पिचकारी. दोन्हीकडे अन्न घातलंच नव्हतं. सगळ्या वाट्या कोऱ्या.

डावीकडच्या पाण्यासारख्या राहिल्या. उजवीकडच्या अठ्ठेचाळीसही पिवळ्या झाल्या. मधली सीमा पट्टीनं आखल्यासारखी होती.

मॅडमनी थाळी रंग मोजायच्या यंत्रात घातली. यंत्रानं आकडा दिला नाही. मोजता येईल त्याच्या पलीकडे असलं की ते आकडा देत नाही.

मॅडम म्हणाल्या, मावशी, मनाला लावून घेऊ नका. दहातल्या तीन माणसांच्या नाकात हा जंतू असतो, माझ्याही असेल. उद्या सगळ्यांच्या हातांचे आणि नाकांचे नमुने घेऊ. मी बरं म्हटलं.

हातमोजे घातलेले होते, हे त्यांनाही माहीत होतं.

२७ जानेवारी, सोमवार

शुक्रवारी कापसाची काडी हातावर आणि नाकात फिरवून ती जेलीच्या थाळ्यांवर ओढली होती. जे काही जिवंत असेल ते त्या जेलीवर दोन-तीन दिवसांत ठिपक्यांसारखं उगवतं. आज थाळ्या उघडल्या.

राजरत्नच्या नाकातून सोनेरी ठिपक्यांची बागच उगवली होती. तो म्हणाला, बघा मावशी, तुमचा भाचा सोन्याच्या नाकाचा. मॅडमच्या हातावरून थोडे पांढरे ठिपके आले.

माझ्या दोन्ही थाळ्यांवर काहीच नव्हतं. जेली ओतली त्या दिवशी होती तशी.

राजरत्न हसून म्हणाला, अभिनंदन, तुम्ही निर्जंतुक. मग थाळी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, असं होत नाही पण. जिवंत माणसाच्या हातावर काहीतरी उगवतंच.

दुसरी काडी त्यांनी वाट्यांत तपासली होती. माझी वाटी पिवळी. यंत्रानं आकडा दिला नाही.

म्हणजे विष आहे. जंतू नाही. करणारा कोणीच नाही आणि केलेलं आहे.

मॅडमनी विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, मी एकटी. मुलगी यायची आहे बाळंतपणाला. त्यांनी मान हलवली आणि पेनाचं टोपण लावलं. उघडलं. पुन्हा लावलं.

२९ जानेवारी, बुधवार

न विचारता एक गोष्ट केली. घरून चार लहान बाटल्या नेल्या. माठातलं पाणी, भाताची पेज, भाकरीचा तुकडा भिजवून, आणि या डायरीच्या कोऱ्या पानाचा कोपरा भिजवून. पाचवी बाटली राजरत्ननं त्याच्या हातानं भरलेलं नळाचं पाणी. ते दोघं जेवायला गेले तेव्हा उरलेल्या पट्टीत, म्हणजे थाळीतून सुट्या निघणाऱ्या आठ वाट्यांच्या ओळीत, पाचही घातल्या.

चार पिवळ्या. पाचवी नाही.

मंजुळा दोन दिवस ओकते आहे. रविवारी तिनं माझ्याकडे कालवण-भात खाल्ला होता. मी औषध घेऊन गेले. दारापर्यंत गेले आणि पुडी उंबऱ्यावर ठेवून परत आले. ती आतून ओरडली, आत ये की गो, मी काय महामारी हाय?

आमच्या आळीतली मांजरं मंजुळाच्या दारात बसतात. माझ्या दारात टाकलेली मासळीची मुंडकी तशीच पडून राहतात. कधीपासून ते मला सांगता येणार नाही. मी कधी पाहिलंच नव्हतं.

३१ जानेवारी, शुक्रवार

हेमालीला फोन केला. म्हटलं, येऊ नकोस. खोलीचा रंग ओला आहे, वास येतो, बाळाला बरा नाही. ती म्हणाली, आई, रंग डिसेंबरात लावलास तू, फोटो पाठवलेस मला. मी म्हटलं, पुन्हा लावला. ती म्हणाली, लोकांच्या आया मुलींना ओढून नेतात आणि तू मला दारातून हाकलतेस. इथे सासूबाई रोज विचारतात, कधी जाणार माहेरी. काय सांगू? आईकडे रंग सुकत नाहीये?

बाबा असते तर, एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

खरं कसं सांगायचं? काय आहे खरं?

राजरत्न आज आला नाही. काल दुपारी डब्यातली चटणी मी झाकून ठेवली होती. त्यानं माझा हात बाजूला करून घेतली. नको म्हटलं मी. दोनदा म्हटलं. तो म्हणाला, मावशी, चटणीत कंजूषी नाय करायची.

त्याच्या आईचा फोन होता मॅडमना. सलाइन लावलं आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज कशालाच हात लावला नाही. दारापाशी स्टुलावर बसले होते, हात पदरात. मॅडम एकट्याच थाळी करत होत्या, सगळ्या वाट्या कोऱ्या. दोन टेबलं मध्ये होती.

आम्लाचा थेंब अजून पडायचा होता — निळा रंग माझ्या बाजूच्या कडेनं आत आला. वाटीमागून वाटी. भरतीचं पाणी खाचरात शिरतं तसा.

मॅडमनी थाळी झाकली. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाल्या, मावशी, काही दिवस सुट्टी घ्या. मी उठले. दाराच्या कडीला मी हात लावायच्या आधी त्यांनी धावत येऊन दार स्वतः उघडलं.

रिक्षात मागे एकटीच बसले. वाटेत आणखी दोघं शेजारी बसायला आले तेव्हा उतरून चालत आले.

५ फेब्रुवारी, बुधवार

हात गरम पाण्यात धरले. जेवढं सोसवेल तेवढं. मग त्याहून थोडं जास्त. फोड आले आहेत. उपयोग नाही हे मला माहीत होतं. मला ते शिकवलं आहे.

बसल्या बसल्या एक आठवलं. ते कसं विसरले होते कळत नाही.

त्या दुपारी दवाखाना उघडायला वेळ होता. मी साखर-मिठाचं पाणी केलं. पेपरात वाचलं होतं, उलट्या झाल्या की तेच द्यायचं. ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन चमच्या-चमच्यानं पाजत होते. तीनपासून. प्रत्येक चमच्यानंतर ओकारी, आणि मी पुन्हा चमचा भरायचे. हे नको म्हणत होते. हातानं बाजूला सारत होते. मी म्हणायचे, घ्या हो, एवढा घ्या, बरं वाटेल.

मीच पाजत होते.

कालवण एकदाच खाल्लं होतं त्यांनी.

चमचे किती झाले —

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मृणाल मॅडमचा फोन आला. आवाज मोकळा होता. म्हणाल्या, मावशी, चूक किटची होती. पुरवठादाराचं पत्र आलं आहे, त्या खेपेतल्या पट्ट्याच खराब होत्या, काही चांगल्या, काही खराब. आणखी दोन ठिकाणी असंच झालं. आपण उगाच काय काय समजून बसलो. सोमवारी या.

राजरत्न घरी आला आहे. आजारी पडायच्या आदल्या दिवशी क्रिकेटच्या टूर्नामेंटला बाहेर चार वडापाव खाल्ले होते म्हणे. मॅडमजवळ माझ्यासाठी निरोप ठेवला आहे त्यानं, मावशी, वड्याला दोष द्या, चटणीला नाही.

मंजुळासुद्धा आज उठून फिरते आहे. आजारी पडायच्या आधीच्या शनिवारी एका हळदीला जेवली होती, तिथल्या आणखी बायका आजारी होत्या.

सगळं जागच्या जागी बसलं. म्हणजे मी हात लावला तेवढ्याच पट्ट्या खराब निघाल्या.

मी मॅडमना विचारलं, आणि ती जेलीची थाळी? तिच्यावर काहीच उगवलं नव्हतं ती? पट्ट्यांचा तर तिच्याशी संबंध नाही.

त्या म्हणाल्या, काडी नीट फिरली नसेल. जाऊ द्या ते मावशी.

बरं म्हटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

हेमाली आली. न सांगता. तिच्या नवऱ्यानं, केतननं, बॅग आत ठेवली, चहाही न घेता गेला, त्याला वर्तकनगरला शाळेत शिकवायला पोचायचं होतं. तिचे पाय सुजले आहेत. उंबऱ्यातच म्हणाली, हाकल आता.

मी हातमोजे घातले होते. तिनं पाहिलं. भाजलंय म्हटलं. ते खरंच आहे.

दुपारी पाकिटातली बिस्किटं दिली. संध्याकाळी केळी, तिनंच सोललेली. पाणी बाटलीचं. भूक लागली म्हणाली. टिटवाळ्याला महिनाभर काही गोड लागत नाही, फक्त तुझ्या हातचं डोळ्यांपुढे येतं म्हणाली. मी म्हटलं, हॉटेलातून मागवू.

मग ती रडली. मोठ्यानं नाही. म्हणाली, बाबा गेले त्या दिवसापासून तू मला एकदाही हात लावला नाहीस. तुला कळतं का ते? बाबांना नेलं तेव्हा मी तुझ्या कुशीत शिरले आणि तू हात वर धरून उभी राहिलीस. ओली मेंदी लावल्यावर धरतात तसे. मला वाटलं होतं बाळ येईल तेव्हा तरी —

मी आठवून पाहिलं. खरं आहे. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. तरी हात वर का धरले होते —

पट्ट्या खराब होत्या. पत्र आलं आहे. मॅडम शिकलेल्या आहेत.

ती न जेवता झोपली. पोटावर हात ठेवून झोपते. लहानपणी माझा धरून झोपायची.

९ फेब्रुवारी, रविवार

आज मी हातमोजे काढून टाकले. ताजे बोंबील आणले, भात टाकला, पातळ कालवण केलं. आत्ताचं. शिळं काही नाही. हेमालीला समोर बसवलं आणि माझ्या हातानं भरवलं. एकेक घास. तिनं पुन्हा भात मागितला. पुन्हा कालवण मागितलं. मग माझा हात धरून पोटावर ठेवला. बाळ हललं. हाताखाली, जोरात. ती हसत होती, नाकाला कालवण लागलं होतं. मी ते बोटानं पुसलं.

साडेबाराला जेवली. आता पावणेतीन झालेत. मी मोजत नाही. घड्याळ समोरच आहे म्हणून दिसतं.

आत झोपली आहे. पंखा चालू आहे.

सोमवारी कामावर जाईन. मॅडमना सांगीन की —

आता हाक मारली तिनं. नुसतं आई म्हणाली. झोपेतून उठल्यावर म्हणतात तसं असेल. पाणी हवं असेल. पुन्हा म्हणाली. मी